जहाज बर्फात शिरलं की कार्बनचा हिशेब कसा मांडायचा

जहाजातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला हे काढणं मुळात अवघड नाही. इंधन किती जळलं ते घ्यायचं आणि ठरलेल्या गुणकाने गुणायचं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, हे गुणक छापूनच ठेवलेत: एक टन मरीन गॅस ऑइल जळलं की ३.२०६ टन कार्बन डायऑक्साइड, हेवी फ्युएल ऑइलसाठी ३.११४ आणि एलएनजीसाठी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूसाठी, २.७५०. हा भाग शाळकरी पोरालाही जमेल.

पंचाईत होते ती फेरी अजून झालेलीच नसते तेव्हा. पुढच्या मंगळवारी जहाज बर्फातून जाणार आहे आणि ते किती जाळेल हे आजच सांगायचंय. इथे नव्याने आलेली बहुतेक मंडळी सरळ 'उत्सर्जनाचं मॉडेल' बांधायला बसतात. माझा सल्ला उलटा आहे. कार्बन शेवटच्या ओळीत येऊ द्या. आधी बर्फ किती जाड, मग तो किती अडवेल, मग इंजिनाला किती जोर लागेल, मग किती तास. ही साखळी नीट बसली की कार्बन आपसूक निघतो, आणि ती बसली नाही तर कितीही भारी मशीन लर्निंग लावा, आकडा भरकटणारच.

हा लेख अभियांत्रिकीचे विद्यार्थी, डेटावर काम करणारे आणि बोटीवर नोकरी करून आता किनाऱ्यावरच्या कचेरीत बसलेले मरीन इंजिनियर, अशांसाठी आहे. थोडं पायथन येत असेल तर उत्तम, पण पहिला हिशेब एक्सेलमध्येही होतो.

आधी जागा निवडा

'आर्क्टिक' ही सुरुवातीची जागा नव्हे. बाल्टिक समुद्राचा फाटा असलेल्या बोथनियाच्या उपसागराच्या उत्तर टोकापासून सुरुवात करा. स्वीडनचं लुलेओ, फिनलंडची केमी, ओउलू, राहे ही बंदरं तिथे आहेत. दर हिवाळ्यात तिथलं पाणी गोठतं आणि तरी मालवाहतूक चालूच राहते, कारण दोन्ही देशांचे आइसब्रेकर वाट मोकळी ठेवतात. लोखंडाचं खनिज, पोलाद, कागद, लाकूड सगळं त्याच बर्फातून ये-जा करतं. नवख्याला हवं ते तिथे जवळजवळ फुकट मिळतं: हंगामात रोजचे बर्फाचे नकाशे, फिनलंडच्या डिजिट्राफिक सेवेवर जहाजांच्या जागांची खुली माहिती, आणि युरोपीय संघाच्या नियमांमुळे प्रत्येक मोठ्या जहाजाचा वर्षाचा इंधनखप जाहीर.

उत्तर सागरी मार्ग, म्हणजे रशियाच्या उत्तर किनाऱ्याची वाट, जास्त चमकदार विषय आहे खरा. यामल द्वीपकल्पातल्या साबेत्ता बंदरातून एलएनजी नेणारी आर्क ७ वर्गाची जहाजं, ४५ मेगावॉटची प्रोपेलरशक्ती, जाड बर्फात मागच्या बाजूने शिरायची युक्ती, हे सगळं वाचायला मजा येते. पण तिथली मोजमापं हाताला लागणं कठीण. ते दुसऱ्या वर्षी करा.

घनाचा नियम बर्फात चालत नाही

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबतो.

जहाजांच्या उत्सर्जनाचे बहुतेक मोठे अंदाज एआयएसवरून, म्हणजे जहाजांच्या स्वयंचलित ओळख प्रणालीवरून, काढले जातात. प्रत्येक मोठं जहाज आपली जागा, वेग आणि दिशा सतत रेडिओवर सांगत असतं. वेग कळला की शक्ती काढायला घनाचा नियम वापरतात: वेग निम्मा झाला की लागणारी शक्ती एक अष्टमांश. मोकळ्या पाण्यात हे बऱ्यापैकी खरं ठरतं.

आता एक काल्पनिक जहाज घेऊ. लेखभर हेच वापरणार आहे, तेव्हा आकडे टिपून ठेवा. मुख्य इंजिन १०,००० किलोवॉट. मोकळ्या पाण्यात १५ नॉट (तासाला १५ सागरी मैल) वेगाला ८,५०० किलोवॉट लागतात. दर किलोवॉट-तासाला १८५ ग्रॅम इंधन. वीज, गरम पाणी, हीटर वगैरेंसाठी जनरेटरवर ६०० किलोवॉटचा कायमचा भार, तिथे दर किलोवॉट-तासाला २१० ग्रॅम, म्हणजे तासाला १२६ किलो. इंधन मरीन गॅस ऑइल.

हे जहाज एआयएसवर ५ नॉटने जाताना दिसलं. घनाचा नियम म्हणतो: वेग एक तृतीयांश, म्हणून शक्ती सत्ताविसावा भाग, फक्त ३१५ किलोवॉट. इंजिन जवळपास झोपलेलं.

पण ते पाऊण मीटर बर्फ फोडत असेल तर? इंजिन ८,००० किलोवॉटवर धडधडतंय आणि तरी वेग ५ नॉटच. घाटात पहिल्या गिअरमध्ये चढणारी भरलेली एसटी आठवा. वेगाचा काटा खाली आणि इंजिन मात्र घामाघूम. मुख्य इंजिनाच्या शक्तीत पंचवीसपट फरक पडला.

१०० सागरी मैलांचा हिशेब करू. ५ नॉटने २० तास लागतात. घनाच्या नियमाने, जनरेटर धरून, इंधन ३.७ टन आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे १२ टन. खऱ्या भाराने इंधन ३२.१ टन आणि कार्बन डायऑक्साइड १०३ टन. वेग तोच, एआयएसची ओळही तीच, उत्तर मात्र जवळजवळ नऊपट.

यात आणखी एक खोच आहे. बर्फात अडकलेलं जहाज इंजिन मंद ठेवून बर्फाबरोबर वाहत जातं, तेव्हाही एआयएस अर्धा नॉट वेग दाखवतो. दुसरं जहाज मागे येऊन, पुन्हा धडक मारून, इंचाइंचाने पुढे सरकत असतं. त्याचाही सरासरी वेग अर्धा नॉटच. एक जवळपास काहीच जाळत नाही, दुसरं जमेल तेवढं जाळतंय. दोघांत फरक कसा ओळखायचा? जहाजाचं तोंड एका दिशेला आणि जमिनीवरची प्रत्यक्ष चाल मिनिटामिनिटाला उलटसुलट होत असेल तर धडका चालू आहेत. चाल संथ, एकाच दिशेची आणि वाऱ्याच्या रोखाने असेल तर वाहणं. एआयएसमधल्या 'जहाजाची स्थिती' या रकान्यावर विसंबू नका. तो खलाशी हाताने बदलतात, आणि जहाज बर्फात अडकलेलं असताना ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, त्यांना इतर कामं असतात.

पायरी पहिली: जहाजाची कुंडली

एका वेळी एकच जहाज घ्या. लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली, इंजिनाची शक्ती, प्रोपेलरचा व्यास, प्रोपेलर स्थिर पात्यांचा की पाती फिरवता येणारा, इंधनाचा प्रकार आणि आइस क्लास, म्हणजे जहाज किती बर्फ झेलू शकतं याचा वर्ग, एवढं हवं. बाल्टिकमध्ये फिनलंड-स्वीडनचे वर्ग चालतात: १ए सुपर, १ए, १बी, १सी. ध्रुवीय समुद्रात पीसी १ ते पीसी ७, त्यात पीसी १ सगळ्यात दणकट. २०१७ च्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या आयएमओच्या ध्रुवीय संहितेमुळे हे वर्ग कागदोपत्री नीट सापडतात.

नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, पाण्याशी होणारा कोन मिळाला तर सोनं. तिरकी नाळ बर्फावर चढते आणि आपल्या वजनाने तो खाली वाकवून मोडते. उभी नाळ त्याला चिरडत बसते, आणि चिरडण्याला वाकवण्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. हा कोन माहितीच्या कुठल्याच सारणीत नसतो. कोरड्या गोदीतले फोटो शोधा आणि पडद्यावर कोनमापक लावा. गावठी पद्धत आहे, पण चालते.

पायरी दुसरी: बर्फ

उपग्रहावरून सगळ्यात सहज मिळतं ते बर्फाचं प्रमाण, म्हणजे पाण्याचा किती टक्के पृष्ठभाग झाकलाय ते. जपानच्या २०१२ साली सोडलेल्या उपग्रहावरचं एएमएसआर-२ हे सूक्ष्मलहरी टिपणारं उपकरण ढग असोत की अंधार, रोज हे मोजतं, आणि ब्रेमेन विद्यापीठ त्यावरून काही किलोमीटर चौकटीचे नकाशे खुले करतं. डाउनलोड करायला पाच मिनिटं लागतात, म्हणूनच नवखे त्यावरच थांबतात.

थांबू नका. प्रमाण ९० टक्के असून बर्फ दहा सेंटिमीटरचा कोवळा असेल तर १ए जहाज त्यातून आरामात जातं. प्रमाण ७० टक्के, पण तुकडे अनेक वर्षं जुने, दोन-तीन मीटर जाड असतील तर तेच जहाज तिथे नेऊच नये. इंधन खातं ते जाडी आणि ताकद. शिवाय उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात, ती सूक्ष्मलहरींना मोकळ्या पाण्यासारखी दिसतात आणि प्रमाण खोटंच कमी येतं. किनाऱ्याजवळच्या चौकटीत जमिनीची सरमिसळ होते ती वेगळीच.

जाडीसाठी बाल्टिकमध्ये फिनलंडच्या हवामान संस्थेचे नकाशे वापरा. ते कोपर्निकस सागरी सेवेवर मिळतात. आर्क्टिकसाठी क्रायोसॅट-२ आणि एसएमओएस या दोन उपग्रहांची जोडलेली जाडी मिळते. पहिला जाड बर्फ बरा मोजतो, दुसरा अर्ध्या मीटरपर्यंतचा पातळ. पण ही मालिका थंडीच्या महिन्यांपुरती आहे, आणि नेमक्या उन्हाळ्याच्या शेवटी, जेव्हा उत्तर सागरी मार्गावर वर्दळ असते, तेव्हा तिचा उपयोग होत नाही.

काहीच हाती नसेल तर जुना रशियन मार्ग आहे. लेबेदेव यांचं सूत्र: दिवसाचं सरासरी तापमान गोठणबिंदूच्या जितकं खाली असेल ते अंश रोज बेरजेत धरत जा, बेरजेचा ०.५८ घात घ्या आणि १.३३ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. १०० दिवस रोज १० अंश खाली, म्हणजे बेरीज १,०००. जाडी सुमारे ७३ सेंटिमीटर. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू उणे १.८ अंशाच्या आसपास धरतात, पण बोथनियाचं पाणी जेमतेम खारट आहे, तिथे तो शून्याच्या जवळ जातो. हे विसरलात तर बेरीज रोज दीडेक अंशाने चुकत जाते. वर जाड हिमाची दुलई असेल तर प्रत्यक्ष बर्फ यापेक्षा पातळ निघतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सूत्रात सापडत नाही: दाब. वारा बर्फाला किनाऱ्याकडे ढकलू लागला की तुकडे एकमेकांवर चढून बर्फाचे लांबट ढिगारे (कटक) तयार होतात, आणि आइसब्रेकरने नुकतीच केलेली वाट मिटते. बोथनियात नैऋत्येचा जोरदार वारा दोन दिवस लागला तर सपाट बर्फावर केलेला अंदाज बाजूला ठेवा. वाऱ्याची दिशा आणि वेग मॉडेलमध्ये स्वतंत्र रकाने म्हणून घ्या, पुढे कामाला येतील.

पायरी तिसरी: रोध

इथे जुनंच सोनं आहे. १९८९ साली लिंडक्विस्ट यांनी मांडलेली पद्धत अजून जगभर वापरली जाते, कारण ती कागदावर सुटते. तिच्यात बर्फाचा रोध तीन तुकड्यांत मोडलाय: नाळेपाशी चिरडणं, वाकवून मोडणं आणि मोडलेले तुकडे जहाजाच्या बुडाखाली दाबून मागे सारणं. चिरडण्याचा भाग जाडीच्या वर्गाने वाढतो, वाकवण्याचा दीड घाताने, बुडवण्याचा सरळ प्रमाणात. शिवाय वेग वाढला की तिन्ही वाढतात. बर्फाची वाकवण्याची ताकद साधारण ५०० किलोपास्कल धरून सुरुवात करा. वसंतात तो सडका झाला की हा आकडा खाली आणा.

लक्षात ठेवा, ही पद्धत सपाट, सलग बर्फाची आहे. प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की जहाज तुकड्यांच्या मधून वाट काढतं आणि हे सूत्र रोध फुगवून सांगतं. आइसब्रेकरच्या मागच्या वाटेत बर्फाचा चुरा असतो, सलग लादी नसते. त्यासाठी फिनलंड-स्वीडनच्या नियमांतच वेगळं सूत्र दिलंय. तुमच्या एआयएसमध्ये जहाजाच्या पुढे मैल-दोन मैलांवर आइसब्रेकर दिसत असेल तर ते वापरा.

पायरी चौथी: रोधातून शक्ती

त्याच नियमांत एक छोटं सूत्र आहे, ५ नॉट वेगासाठी:

शक्ती (किलोवॉट) = २.०३ × रोधाचा (किलोन्यूटन) दीड घात ÷ प्रोपेलरचा व्यास (मीटर)

२.०३ हा आकडा एका प्रोपेलरच्या, पाती फिरवता येणाऱ्या जहाजाचा. स्थिर पाती असतील तर २.२६. नियमांनी हे सूत्र जहाजाला किमान किती इंजिन हवं हे ठरवायला दिलंय, पण पहिल्या अंदाजाला ते बेधडक वापरा.

आपल्या जहाजाचा प्रोपेलर साडेचार मीटरचा, पाती फिरणारी, असं समजू. रोध ६८० किलोन्यूटन आला तर शक्ती बरोबर ८,००० किलोवॉट. आता उलटं बघा. इंजिन संपूर्ण १०,००० किलोवॉटवर नेलं तर ते किती रोध पेलेल? सुमारे ७८९ किलोन्यूटन. म्हणजे फक्त १६ टक्के जास्त. जाडीचे घात वर पाहिलेच आहेत, तेव्हा बर्फ दहा-बारा टक्क्यांनी जाड निघाला, ७५ सेंटिमीटरच्या जागी ८४, की हे जहाज ५ नॉट राखूच शकत नाही. त्यानंतर 'किती टक्के जास्त इंधन' हा प्रश्नच उरत नाही. वेग कोसळतो, धडका सुरू होतात, तास वाढतात. उपग्रहाच्या जाडीत दहा टक्क्यांची चूक म्हणजे काहीच नाही, आणि इथे तेवढ्यात जहाज चालणं आणि थांबणं यातला फरक पडतो.

म्हणून अंदाज एका आकड्यात देऊ नका. जाडी कमी, मधली, जास्त अशी तीनदा घालून साखळी तीनदा चालवा. येणारी उत्तरं एका रेषेत नसतील. वरच्या बाजूला एकदम उडी दिसेल, आणि ज्याला हा अंदाज वापरायचाय त्याला ती उडी कुठे आहे हेच हवं असतं.

इंजिनाच्या खपाबद्दल एकच सूचना: १८५ ग्रॅम हा आकडा सगळ्या भारांना सारखा लावू नका. इंजिन पाव भारावर चालतं तेव्हा दर किलोवॉट-तासाला खप वाढतो. निर्मात्याच्या माहितीपत्रकात हा वक्र असतो.

पायरी पाचवी: तास, वाट पाहणं आणि आइसब्रेकर कुणाच्या खात्यात

आपलं जहाज एकटं गेलं तर १०० मैलांना १०३ टन, हे आपण पाहिलं. आता दुसरा पर्याय. १२ तास आइसब्रेकरची वाट पाहायची, नंतर त्याच्या मागून १० नॉटने, समजा ६,००० किलोवॉटवर, जायचं. थांबलेल्या वेळात फक्त जनरेटर: दीड टन इंधन. चालण्याचे १० तास: १२.४ टन. एकूण १३.९ टन इंधन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साधारण ४४.५ टन. निम्म्याहूनही कमी, आणि दोन तास उशीर.

थांबलेलं जहाज पाहिलं की मालकाचा जीव वरखाली होतो, पण हिशेबात थांबणं स्वस्त पडतं.

अर्थात हा जहाजाच्या खात्यातला हिशेब झाला. आइसब्रेकरनेही इंधन जाळलंय. फिनलंडचा २०१६ सालचा 'पोलारिस' एलएनजी आणि डिझेल दोन्हींवर चालतो. उत्तर सागरी मार्गावरचे मोठे रशियन आइसब्रेकर अणुशक्तीवर चालतात, तिथे धुराड्यातून कार्बन येतच नाही. एका आइसब्रेकरमागे चार जहाजं असतील तर त्याचा धूर चौघांत वाटायचा का, टनभारानुसार की अंतरानुसार? यावर सर्वमान्य उत्तर नाही. माझं मत: स्वतंत्र ओळीत दाखवा, जहाजाच्या आकड्यात मिसळू नका. मिसळलंत तर पुढचा माणूस ते पुन्हा वेगळं करू शकणार नाही.

या सगळ्याला आता पैशाचंही वजन आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या जानेवारीपासून जहाजांना कार्बन परवान्यांच्या बाजारात आणलं. १ए आणि १ए सुपर जहाजांना, किंवा त्यांच्या तोडीच्या वर्गांना, २०३० अखेरपर्यंत ५ टक्के कमी परवाने भरायची मुभा आहे. आयएमओच्या कार्बन-तीव्रता श्रेणीतही आइस क्लासच्या जहाजाने बर्फाच्या कडेच्या आत केलेला प्रवास वजा करता येतो. त्यासाठी 'बर्फात किती मैल, किती टन' हे वेगळं दाखवावं लागतं. पाचव्या पायरीपर्यंत आलात की तोच आकडा तुमच्या हातात असतो.

इंधन बदललं तर

दक्षिण ध्रुवीय समुद्रात हेवी फ्युएल ऑइल २०११ च्या ऑगस्टपासून बंद आहे. आर्क्टिकमध्ये बंदी १ जुलै २०२४ ला आली, पण काही जहाजांना २०२९ च्या जुलैपर्यंत सूट आहे. तेव्हा तिथे इंधन गृहीत धरू नका, जहाजागणिक तपासा.

एलएनजीचा २.७५० हा गुणक देखणा दिसतो. पण इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन त्यात नाही. एक टन इंधनातले समजा ३० किलो निसटले आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेन २८ पट धरला, तर ८४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भर पडते. बर्फात भार सतत वरखाली होतो, आणि कमी भारावर निसटणं वाढतं. काजळीचा मुद्दा आणखी वेगळा: ती बर्फावर बसून त्याला काळा करते आणि ऊन शोषायला लावते. ती टनांच्या बेरजेत घालू नका, स्वतंत्र लिहा.

पायरी सहावी: खऱ्याशी ताडून पाहणं

इथे बोटीवर काम केलेला माणूस लाख मोलाचा. प्रत्येक जहाज रोज दुपारी बाराला नून रिपोर्ट पाठवतं: चोवीस तासांत किती अंतर, किती इंधन, हवा कशी. मुंबईतल्या शिपिंग कचेऱ्यांत बसून हे रिपोर्ट तपासणारे मराठी चीफ इंजिनियर कमी नाहीत. ओळख काढा, नावं झाकलेल्या नोंदी मागा. एक अडचण सांगून ठेवतो: चोवीस तासांत आठ तास बर्फ आणि सोळा तास मोकळं पाणी असेल तर रिपोर्टमध्ये दोन्हींची सरासरी येते. तुमच्या मॉडेलचे तासाचे आकडे बेरीज करून दुपार ते दुपार असे जुळवा. उलट, रिपोर्टचा आकडा तासांवर सारखा वाटू नका.

नून रिपोर्ट मिळालेच नाहीत तर युरोपीय संघाच्या सार्वजनिक नोंदवहीत ५,००० टनांवरच्या जहाजांचा वर्षाचा इंधनखप आणि कार्बन २०१८ पासून आहे. माप ढोबळ, पण वर्षभराच्या बेरजेत तुम्ही निम्म्यावर किंवा दुपटीवर असाल तर लगेच कळेल.

मशीन लर्निंग आणायचं तर ते इथे आणा. सूत्राने काढलेली शक्ती आणि मोजलेली शक्ती यातला फरक शिकायला द्या. सगळं शून्यापासून शिकवायला लावू नका. बर्फातल्या नोंदी थोड्या असतात, आणि भौतिकशास्त्र आधीच फुकटात मिळालेलं आहे. वाऱ्याची दिशा, हिमाची जाडी, आइसब्रेकरचं अंतर हे रकाने इथे उपयोगी पडतात. आणि चाचणीसाठी नोंदी वेगळ्या काढताना फेऱ्याच्या फेऱ्या बाजूला ठेवा, सुट्या ओळी नकोत. एकाच फेरीतली दहा वाजताची ओळ शिकवली आणि अकराची तपासली तर मॉडेल हुशार दिसेलच; त्याने पेपर आधीच पाहिलेला असतो.

पायरी सातवी: वाट निवडणं

अंदाज जमला की पुढचा प्रश्न येतो: वळसा घालावा का? ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने 'सर डेव्हिड अॅटनबरो' या संशोधन जहाजासाठी 'पोलररूट' नावाची प्रणाली बनवली आणि खुली केली. ते जहाज मीटरभर जाड बर्फ ३ नॉटने फोडतं. प्रणाली समुद्राची जाळी पाडते, जिथे परिस्थिती झपाट्याने बदलते तिथे चौकटी बारीक करते, प्रत्येक चौकटीत वेग आणि इंधन काढते, आणि मग सगळ्यात कमी वेळाची किंवा कमी इंधनाची वाट शोधते. वर पाहिलेल्या पायऱ्याच आहेत, फक्त हजारो चौकटींत. कोड वाचा, शिकायला उत्तम आहे.

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, तिथून भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची आखणी होते. १९८१ च्या डिसेंबरात पहिली मोहीम गोव्याहूनच निघाली होती. मैत्री आणि भारती या दोन्ही तळांना सामान पुरवायला भाड्याचं आइस क्लास जहाज लागतं, आणि भारतीच्या किनाऱ्यापाशी किनाऱ्याला चिकटलेला बर्फ गाठावा लागतो. या विषयावर प्रबंध करायचा असेल तर घराजवळचा प्रश्न हा आहे.

वाट निवडताना सुरक्षेची चाळणी आधी लावा, इंधनाची नंतर. आयएमओने त्यासाठी पोलारिस नावाची पद्धत दिलीय (वरच्या आइसब्रेकरचं नाव तेच, संबंध नाही). बर्फाच्या प्रत्येक प्रकाराला जहाजाच्या वर्गानुसार गुण, तो प्रकार दहापैकी किती भाग आहे त्याने गुणून बेरीज. बेरीज ऋण आली की ती चौकट साध्या अंदाजातून काढून टाका, तिथे इंधन कितीही वाचत असलं तरी.

उरलेल्या चौकटींत आपल्या जहाजाचे आकडे लावून पाहू. बर्फात दर मैलाला ३२१ किलो इंधन. मोकळ्या पाण्यात १३ नॉटने सुमारे ८८ किलो. म्हणजे १०० मैल बर्फाऐवजी मोकळ्या पाण्याची ३६० मैलांपर्यंतची वाट घेतली तरी कार्बन वाचतो. पण वेळेचं गणित निराळं: बर्फातल्या २० तासांत १३ नॉटने २६० मैलच होतात. वळसा २६० च्या आत असेल तर कुणाचा वाद नाही. ३६० च्या पुढे असेल तरी नाही. मधल्या शंभर मैलांत कार्बन वाचतो आणि दिवसाचं भाडं चढतं. तिथे प्रणालीने 'उत्तम वाट' म्हणून एकच रेघ दाखवू नये. दोन्ही रेघा, त्यांचे टन आणि तास कप्तानापुढे ठेवावेत, आणि जाडीच्या तीन अंदाजांपैकी कुठल्या अंदाजात कोणती रेघ जिंकते हेही शेजारी लिहावं.